टाळी नेमकी कुठे वाजली?

प्रश्न पाठवणारे गृहस्थ अहिंसा मानतात, आणि नुसती बोलण्यापुरती नाही. फाशीच्या शिक्षेला त्यांचा विरोध आहे. मुलांवर कधी हात उगारलेला नाही. घरात विंचू निघाला तरी तो डब्यात धरून बाहेर सोडतात. आणि रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून तास-दीड तास नेमबाजीचा गेम खेळतात. सुट्टीच्या दिवशी सूडाचे सिनेमे बघतात, जितके रक्तरंजित तितके पसंत. परवा नऊ वर्षांचा मुलगा पाणी प्यायला उठला, मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, कुणाला मारायचं नसतं ना?" त्यांना उत्तर सुचलं नाही. ‘मी ढोंगी आहे का?’ एवढंच त्यांनी विचारलंय.

बावीस वर्षं मी समुपदेशन करतो आहे. हा प्रश्न पहिल्या भेटीत कधीच येत नाही. भांडणं, व्यसन, कर्ज, सगळं सांगून होतं, वेळ संपते, माणूस चपला घालायला लागतो आणि मग दारातून म्हणतो, "एक विचारायचं राहिलं..." त्याने केलेलं काहीच नसतं, त्यामुळे लाज कृत्याची नसते. मजा आली, याची लाज असते.

म्हणून आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. तुम्ही ढोंगी नाही. हिंसेचं चित्रण आवडणं वेगळं आणि हिंसा योग्य वाटणं वेगळं. पहिलं आहे आणि दुसरं मुळीच नाही अशी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. मी स्वतः भयपटांचा जुना गिऱ्हाईक आहे, तेव्हा मला तटस्थ समजू नका. पण ‘अहो, ते सगळं खोटंच तर असतं’ असं म्हणून पाठीवर थाप मारून तुम्हाला वाटेलाही लावणार नाही. अशा करमणुकीने श्रद्धेला धक्का लागू शकतो. फक्त तुमची नजर रक्तावर खिळली आहे आणि धक्का बहुतेक वेळा दुसरीकडूनच लागतो.

आधी दोन समजुती वाटेतून दूर करू. एक, असलं बघून माणूस हिंसक होतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा प्रयोग सगळ्यांच्या कानावर असतो: मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बडवलेलं मुलांनी पाहिलं आणि मग मुलंही तिला बडवू लागली. पण ती बाहुली होतीच बडवण्यासाठी, ठोसा मारला की डोलून परत उभी राहणारी. तिच्यावरून माणसांबद्दल किती बोलायचं याला मर्यादा आहे. गेमबद्दल पुढे भरपूर वाद झाले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपला जुना ठराव सुधारला. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलाढकली असल्या आक्रमक वागण्यात लहानसा संबंध दिसतो, पण त्यांचा प्रत्यक्ष हिंसाचाराशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, त्यात त्यांना तो लहानसा संबंधही सापडला नव्हता. मुलांवर हात न उगारणारा माणूस गेममुळे उद्या उगारेल, ही भीती तुम्ही खुशाल सोडून द्या.

दुसरी समजूत उलट्या बाजूची आणि जास्त लाडकी: ‘मनातली वाफ निघून जाते.’ त्यासाठी बिचाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलला साक्षीला उभं करतात. तो बोलत होता शोकांतिका बघताना दाटणाऱ्या करुणेबद्दल आणि भीतीबद्दल, ऑफिसातल्या साहेबावरच्या रागाबद्दल नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना आधी चिडवलं, मग काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांपुढे आणून मारा म्हणून सांगितलं. ती माणसं सगळ्यांत जास्त चिडलेली निघाली. काहीही न करता स्वस्थ बसलेल्यांचा राग सगळ्यांत कमी होता. तेव्हा ‘मी गेममध्ये मारतो म्हणून घरात शांत असतो’ हे समर्थन कुणी देत असेल तर मी ते मान्य करत नाही. खेळून दमणं आणि झोप येणं, ते वेगळं.

मग आवडतं का? याचं मला पटलेलं उत्तर हजार वर्षांहून जुनं आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रौद्र, भयानक, बीभत्स यांना रस म्हटलंय. क्रोध, भय, किळस यांचाही आस्वाद घेता येतो हे त्यांनी न लाजता मान्य केलं. त्यावर लिहिताना काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी कालिदासाच्या शाकुंतलातलं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे. हरीण पळता पळता मान वळवून रथाकडे बघतं, बाण लागेल या धास्तीने मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेतं, आणि धापा टाकत उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटभर सांडत जातं. ते गवत वाचताना माझ्या घशाला कोरड पडते. अभिनवगुप्त म्हणतात, ही भीती ‘मला वाटते’ अशी नसते, ‘त्या हरणाला वाटते’ अशीही नसते. कुणा एकाची न राहिलेली, स्थळकाळातून सुटलेली ती भीती असते, आणि सुटली म्हणूनच चाखता येते. साधारणीकरण हा त्यासाठीचा शब्द. पडद्यावर हाड मोडतं तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कुणीतरी सेलरीचे देठ मोडलेले असतात, हे मला माहीत आहे. तरी अंगावर काटा येतो, आणि काटा आला तरी मी खुर्चीतून उठून पळत नाही. एकाच वेळी दोन्ही खरं असण्याची ही जागा आहे, आणि ती माणसाच्या मनाची मोठी कमाई आहे. तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

पण त्या श्लोकात आणखी एक गोष्ट आहे. वाचणारा हरणाबरोबर पळतो. धनुष्य दुष्यंताच्या हातात आहे, आपल्या नाही. तोच प्रसंग रथात बसून, दोरी ताणून, नेम धरत अनुभवता येतो. तोही थरारकच असेल, पण थरार निराळा. भयपटात मी बहुतेक हरणाच्या बाजूला असतो. तुमच्या गेममध्ये तुम्ही रथात आहात. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘किती रक्त होतं’ हा नसतो. ‘तुम्ही कुठे उभे होता’ हा असतो.

रथात असलात म्हणजे लगेच दोषी, असंही नाही. एका तरुणाची गोष्ट सांगतो, तपशील बदलून. तो दीक्षा घेतलेल्या कुटुंबातला, ध्यान करणारा, आणि नेमबाजीच्या गेममध्ये पटाईत. त्याला मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन रक्त बंद कर, शत्रूंच्या किंकाळ्या बंद कर आणि आठवडाभर खेळ. पुढच्या वेळी तो हसत आला. दुसऱ्या दिवशीपासून फरकच जाणवला नव्हता. त्याची मजा नेम, वेळ साधणं, साथीदारांशी ताळमेळ आणि नकाशा पाठ असणं यात होती. मारणं हा नुसता हिशेब ठेवायचा प्रकार होता, बुद्धिबळात प्यादं मारतात तसा. दुसऱ्या एका माणसाला हेच करायला सांगितलं तर तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "किंकाळीशिवाय मजा नाही हो." तो स्वतःच दचकला होता. त्याच्याशी मग पुष्कळ बोलावं लागलं, पण गेमबद्दल नाही; कामाच्या जागी वर्षभर चाललेल्या त्याच्या अपमानाबद्दल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि होताना ‘बरं झालं’ म्हटलेली. गेम आणि सिनेमात पहिल्या दोन्ही नसतात, कारण मरतच कुणी नाही. राहतं ते अनुमोदन. आणि काल्पनिक मरणालाही अनुमोदन खरं देता येतं.

युद्धाचं अंगावर येणारं वर्णन वाचून तुम्ही पुस्तक मिटून अर्धा तास भिंतीकडे बघत बसता, तेव्हा हजार प्रेतं बघूनही अनुमोदन शून्य असतं. उलट हा प्रसंग घ्या: तळघर, खुर्चीला बांधलेला माणूस, घड्याळात चार मिनिटं, शहरात कुठेतरी बॉम्ब. नायक बाह्या सरसावतो. कॅमेरा दाराबाहेरच थांबतो, रक्ताचा थेंब दिसत नाही. पण तुम्ही मनातल्या मनात ‘मार, मार त्याला’ म्हणत असता, कारण कथेनेच ठरवून दिलेलं असतं की मारलं की तो बोलेल, खरं बोलेल आणि वेळेत बोलेल. छळ कुणाचाही करू नये ही तुमची श्रद्धा. ती चार मिनिटं गुंडाळून ठेवली, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. विसंगती असेल तर मला ती इथे दिसते. सेन्सॉरला या दृश्यात कापण्यासारखं काही सापडणारही नाही.

सूडकथेची बांधणी पाहिलीत तर ही कारागिरी स्पष्ट दिसते. पहिल्या तासात खलनायक एकेक निष्पाप माणूस मारतो. प्रत्येक मरण म्हणजे आपल्या वहीत वाढत जाणारी बाकी. मध्यंतरापर्यंत आपण प्रेक्षक राहिलेलो नसतो, वसुलीला बसलेले सावकार झालेलो असतो. शेवटी खलनायक सहज मेला तर आपण नाराज होतो. व्याज बुडालं ना! डॉल्फ झिलमन या संशोधकाने करमणुकीच्या मानसशास्त्रात हेच मांडलं: पात्राबद्दल आपला जो ग्रह झालेला असतो त्यावरून त्याच्या वाट्याला आलेलं दुःख गोड लागतं की कडू हे ठरतं. आणि तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ सालीच लिहून ठेवलंय की जुन्या काव्यातल्या चुकीच्या समजुती वाचक सहज चालवून घेतो, पण दुर्गुणालाच सद्गुण म्हणा असा आग्रह झाला की त्याचं मन अडतं. चांगली सूडकथा ते अडलेलं मन थोपटून थोपटून झोपवते.

गेम बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. शत्रूंच्या तोंडावर मुखवटे किंवा हेल्मेट का असतात, त्यांना नावं का नसतात, ते नेहमी आधीच काहीतरी अघोरी केलेले का असतात? हार्टमन आणि फोर्डरर या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की गेममधली हिंसा समर्थनीय वाटली नाही तर खेळणाऱ्यांना खरोखर अपराधी वाटतं. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. गेममध्ये शिरताना विवेक दाराबाहेर राहत नाही. तो आत येतो, म्हणून तर त्याच्यासाठी मुखवट्यांची सोय करावी लागते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भरलेल्या थिएटरमध्ये पडद्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याने हात बांधलेल्या, गुडघ्यावर बसलेल्या माणसाला गोळी घातली. खटला नाही, काही नाही. थिएटर उसळलं. मीही टाळ्या वाजवल्या, आणि चांगल्या कडकडून, कारण पार्किंगमधल्या पांढऱ्या दिव्याखाली किल्ली शोधताना तळवे लालसर दिसले. तेव्हाही काही वाटलं नाही. दोनेक आठवड्यांनी पेपरात तशीच एक खरी बातमी वाचली आणि मनात पहिला शब्द उमटला तो ‘बरं’. पुढच्याच क्षणी मी स्वतःला सावरलं. पण तो पहिला शब्द माझा नव्हता. की होता? सगळा दोष त्या सिनेमावर ढकलणार नाही; सिनेमा चालला तो माझ्यात आधीपासून काहीतरी पेरलेलं होतं म्हणूनच. मात्र भयपटातल्या शंभर कवट्यांनी माझ्या मताला जे केलं नव्हतं ते त्या एका स्वच्छ, नीटनेटक्या गोळीने केलं.

माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकात टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल असंच काहीसं मांडलं होतं. भरपूर टीव्ही बघणारी माणसं मारामाऱ्या करायला लागतात असं ते म्हणत नव्हते. अशा माणसांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक आणि दुष्ट वाटू लागतं, हा त्यांचा मुद्दा. परिणाम छोटाच, पण दिशा लक्षात घ्या. जग दुष्टच आहे अशी खात्री पटली की अहिंसा भाबडी वाटू लागते.

आता श्रद्धा कुठल्या जातीची आहे यावरही बरंच अवलंबून आहे. अहिंसा हे तुमचं नागरिक म्हणून मत असेल तर वर सांगितलं ते पुरे. पण ते घेतलेलं व्रत असेल तर माझ्यासारख्या समुपदेशकाला मध्ये बोलायचा अधिकार कमी. जैन परंपरेत गृहस्थाच्या व्रतांत निरर्थक पापांची, म्हणजे अनर्थदंडाची, यादी येते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्यात दुःश्रुतीही आहे, मन कलुषित करणारं ऐकणं. बौद्धांच्या, उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलात नाच-गाणी आणि खेळ-तमाशे बघण्यापासून दूर राहण्याचं शील आहे, रोजच्या पंचशीलात नाही. म्हणजे परंपरांनीही सगळ्यांना एकच माप लावलेलं नाही. पाली सुत्तांतल्या तालपुट नावाच्या नटप्रमुखाने बुद्धांना विचारलं की नट मेल्यावर स्वर्गात जातो ना? बुद्धांनी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर उत्तर दिलं, आणि ते त्याला रडवणारं होतं. त्यात त्यांनी बोट ठेवलं ते आसक्ती, द्वेष, मोह आधीच असलेल्या प्रेक्षकांत ते आणखी चेतवण्यावर. ज्यांनी असं व्रत घेतलंय त्यांनी ‘विज्ञानाने पुरावा नाही म्हटलंय’ ही पळवाट काढू नये. त्यांचा प्रश्न परिणामाचा नाही, मन कशात रमवायचं याचा आहे.

एक गोष्ट या सगळ्यापासून तोडून बाजूला ठेवा: खऱ्या हिंसेचे व्हिडिओ. मोबाइलवर फिरत येणारी मारहाण, अपघात, खून. तिथे साधारणीकरण नाही, हरीण खरं आहे आणि ते कुणाचं तरी लेकरू आहे. ख्रिस्ती संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात मित्र अलिपिअसची हकिगत लिहिली आहे. ग्लॅडिएटरांच्या झुंजी त्याला मुळीच आवडत नसत. मित्रांनी रोममध्ये त्याला ओढून नेलं, तर तो डोळे घट्ट मिटून बसला. गर्दी गरजली, त्याने डोळे उघडले, आणि परतताना तोच इतरांना घेऊन पुन्हा यायच्या गोष्टी करू लागला. डोळे मिटता आले, कानांचं काय करणार? बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या आठवड्यात रोज सहा-सहा तास त्या बातम्या-चित्रं बघणाऱ्यांनी प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला होता. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो: असा व्हिडिओ आला तर उघडू नका, पुढे तर पाठवूच नका. या बाबतीत मी मतभेदाला जागा ठेवत नाही.

तुम्ही काय करायचं? सोडून द्या असं मी म्हणणार नाही. सक्तीने सोडलेलं चोरून परत येतं. पुढचा सूडपट बघाल तेव्हा फक्त एक करा: जिथे मूठ वळेल, ‘घे’ असं तोंडातून निघेल, तिथे थांबवा. पॉज. दहा सेकंद. पडद्यावर कोण कुणाला काय करतोय आणि ते तुमच्या मतात बसतं का एवढं बघा, मग पुढे चालू करा. मजा किरकिरी होईल, मान्य. दोन-तीन सिनेमांनंतर पॉज करावं लागत नाही, ते आपोआप जाणवतं, आणि गंमत म्हणजे चांगला सिनेमा त्यामुळे आणखी चांगला लागतो. वाईट असेल तो उघडा पडतो. मरणाऱ्याच्या घरचं दुःख दाखवलं की तुम्ही कंटाळून पुढे ढकलता का, एखादा मार खाण्याचा क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघता का, याकडेही लक्ष असू द्या. आणि राग आलेला असेल त्या रात्री गेम लावू नका.

मुलाचं राहिलं. त्याला ‘हे खोटं असतं’ एवढंच सांगू नका. ते त्याला माहीत आहे. त्याने वेगळं विचारलंय. ‘हो, मारायचं नसतं. हा खेळ मोठ्यांचा आहे, मला नेम धरायला आवडतं, आणि मारायचं नसतं हे मला खेळतानाही आठवतं,’ असं म्हणता येईल, शेवटचा भाग खरा असेल तरच. खोटा असेल तर तो वगळून सांगा, त्यालाही चालेल. गेमच्या वेष्टनावरचा १८ चा आकडा त्याच्यासाठी छापलेला आहे, तेव्हा खेळताना खोलीचं दार लावून घ्या. लपवायला नाही, कुणाचीच न राहिलेली भीती चाखणं नऊ वर्षांच्या मुलाला इतक्यात जमत नाही, त्याची भीती त्याचीच राहते आणि रात्री अंथरुणात येते.

आणि पुढच्या सिनेमात पॉज कुठे करावा लागला ते मला जरूर कळवा.